कॉलरा मारतो कसा, जलसंजीवनी वाचवते कशी

कॉलऱ्याचा रोगी काही तासांत सुकून जातो. डोळे खोल जातात, नाडी हाताला लागत नाही. तासाला लिटरभर पाणी शरीराबाहेर जाऊ शकते. तरी आतड्याच्या पेशी मेलेल्या नसतात. त्या हुकूमच पाळत असतात, फक्त तो हुकूम शत्रूचा असतो.

पेशीला बाहेरून आलेला निरोप आत पोचवणारा एक लहान रेणू आहे, चक्रीय एएमपी. पेशीपटलाला आतून चिकटलेले जी-प्रथिन जागे झाले की अ‍ॅडेनिलेट सायक्लेज हे विकर एटीपीपासून हा रेणू बनवू लागते. थोड्या वेळाने जी-प्रथिन स्वतःजवळचा जीटीपी तोडून आपोआप बंद होते. कॉलऱ्याचे विष नेमके हे बंद होणेच थांबवते. त्याचे पाच 'बी' भाग पेशीला धरून ठेवतात. 'ए' भागाचा एक तुकडा आत शिरून जी-प्रथिनाला एडीपी-रायबोज चिकटवतो. मग चक्रीय एएमपी वाढतच जाते, क्लोराइडचे मार्ग उघडे राहतात आणि क्लोराइडमागून सोडियम व पाणी आतड्यात उतरते. (अँथ्रॅक्सच्या विषाची तऱ्हा वेगळी. त्याचा एक घटक स्वतःच सायक्लेज असतो!)

कॉलऱ्याचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कोलकात्यात ओळखला. विषाचा पुरावा मात्र त्याच शहरातल्या शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दिला. जंतू गाळून उरलेला द्रव त्यांनी सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या भागात सोडला, आणि तो भाग पाण्याने फुगला. कॉख यांच्याइतकेच हे नाव आपल्याला पाठ असायला हवे.

आता उपाय. सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीने आत घेणारी पेशीची वाट वेगळी आहे; तिला हे विष धक्का लावत नाही. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचे पाणी पाजायला लावले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले.

कॅम्पवर पाकीट नसेल तर उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा. साखर जास्त पडली तर पाणी उलट आतड्यात ओढले जाते. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा घोट घोट पाजावे आणि रोग्याला लगेच एमआय रूमला हलवावे.