माळ घातली, मग हात का कापतात?

आषाढी जवळ आली की पुष्कळ घरांत एक बेत ठरतो. कर्ता माणूस दारूच्या नादी लागलेला. त्याच्या गळ्यात माळ घालायची, दिंडीबरोबर पंढरीला धाडायचा, म्हणजे सुटेल. बेत वाईट नाही. माळेने सुटलेले आम्ही पाहिले आहेत. पण त्यातला एक धोका दिंडीवाल्यांना ठाऊक असावा.

रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी सोडली की पहिल्याच दिवशी हात कापू लागतात, घाम सुटतो, झोप उडते. दोन दिवसांत एखाद्याला झटके येतात. पुढे काहींना भ्रम होतो. अंगावर किडे चढताना दिसतात, नसलेल्या माणसाशी बोलणे चालते. मग कोणी म्हणतो सोंग, कोणी म्हणतो बाहेरचं आहे, अंगारा लावा. अहो, हे मेंदूचे दुखणे! वेळीच औषध न मिळाले तर जीवही जातो.

दारू मेंदूला मंद करते. ती रोजची झाली की मेंदू उलट जोर लावून आपला कारभार चालू ठेवतो. दिवेघाटात माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या लावतात ना, तसेच. चढ एकदम संपला आणि सगळ्या जोड्या तशाच ओढत राहिल्या, तर रथाचे काय होईल? म्हणून डॉक्टर काही दिवस शांतवणारे औषध देऊन ते हळूहळू कमी करतात. जोडीला ब-१ जीवनसत्त्व देतात.

कंप थांबला तरी ओढ राहतेच. डोपामिन नावाचे द्रव्य मेंदूला सुखाची वाट शिकवते, आणि गुत्त्याचा वास, जुना सोबती, पगाराचा दिवस एवढ्यानेही ती वाट पुन्हा जागी होते. आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग तोवर दुबळा झालेला असतो. सहा महिने न प्यालेला माळकरी वरातीत घसरतो तो असा. त्याला 'माळ बाटवली' म्हणून भजनातून उठवला, की त्याला सोबत उरते ती गुत्त्याचीच. पुण्यात १९८६ साली निघालेल्या मुक्तांगणासारख्या ठिकाणी औषधानंतर बोलणे आणि सोबत यांवरच भर असतो. ती सोबत आमच्या गावोगावच्या भजनी मंडळांना सहज देता येईल. (आणि टाळ खाली ठेवताच तंबाखूची चंची काढणाऱ्यांनी त्याला हसू नये, तंबाखूची ओढ त्याच वाटेने येते.)

तेव्हा अशा माणसाला दिंडीत घेण्याआधी दवाखान्यात दाखवावे. वाटेत कोणाचे हात कापू लागले, तो भलतेच बरळू लागला, तर आरोग्यपथकाकडे न्यावे किंवा १०८ ला फोन करावा. रोज किती घेत होता, शेवटची केव्हा घेतली, हे तेथे लाजेने लपवू नये.