म्हसवडच्या भगिनींची बँक व आपली सेवा

घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली अशा मुंबईच्या उपनगरांत नोकरीधंद्यास राहिलेली पुष्कळ शिकलेली माणसे सणासुदीस व सुटीत आपापल्या गावी येतात. त्यांपैकी कित्येकांच्या मनात असते की, गावातील बायकांच्या बचत गटास किंवा सहकारी संस्थेस आपण काही हातभार लावावा. कोणी लिहिणे-वाचणे शिकवावे, कोणी धंद्याचा हिशेब दाखवून द्यावा. मंडळीतील शिक्षक व उपदेशक ह्यांच्याकडेही असे लोक सल्ल्यास येतात. हेतू चांगला असतो; परंतु तेवढ्याने काम होत नाही. म्हणून ह्या पाठात आपण सातारा जिल्ह्यात प्रत्यक्ष घडलेल्या एका गोष्टीचा अभ्यास करू.

माण तालुका सह्याद्रीच्या पूर्वेस, पावसाच्या आडोशाला पडलेला आहे. तेथे पाऊस थोडा, जमीन हलकी, आणि मेंढरे व शेरडे हीच पुष्कळांची ठेव. तेथील पुरुष पिढ्यान् पिढ्या मुंबईस गिरणीत व माथाडी कामावर जात आले, आणि मागे घर, जनावरे व कर्ज ह्या तिहींचा भार बाईवर पडत आला. ह्या तालुक्यातील म्हसवड गावी श्रीमती चेतना गाला-सिन्हा राहावयास आल्या. त्या मूळच्या मुंबईच्या. जयप्रकाश नारायण ह्यांच्या चळवळीत काम केलेल्या, आणि म्हसवडच्या शेतकरी कुटुंबात लग्न होऊन आलेल्या.

रस्त्याच्या कडेला लोहारकाम करून पोट भरणारी एक बाई त्यांच्याकडे आली. पावसाळ्यापूर्वी डोक्यावर ताडपत्री घालता यावी म्हणून तीस रोज थोडे थोडे पैसे साठवावयाचे होते, आणि त्यासाठी बँकेत खाते हवे होते. बाई कर्ज मागत नव्हती. आपलाच पैसा ठेवावयास जागा मागत होती. परंतु इतक्या लहान रकमेचे खाते उघडण्यास बँक तयार होईना. तेव्हा अशा बायकांची आपलीच बँक का असू नये, हा विचार निघाला. सभासद जमले, भागभांडवल गोळा झाले, आणि परवान्यासाठी रिझर्व्ह बँकेकडे अर्ज गेला. तो नामंजूर झाला. कारण असे की, प्रवर्तक म्हणून ज्या बायकांची नावे होती त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी अंगठे उठविले होते.

येथे वाचकाने क्षणभर थांबून विचार करावा. अशा वेळी शिकलेल्या माणसास सर्वांत सोपा मार्ग कोणता सुचतो? चार शिकलेल्या माणसांची नावे कागदावर घालावी, परवाना मिळवावा, आणि बायकांना सभासद म्हणून ठेवावे. काम लवकर झाले असते. पण मग ती बँक बायकांची राहिली असती काय? चेतनाबाई निराश होऊन परतल्या, तेव्हा वाट पाहत असलेल्या बायकांनीच त्यांचे समाधान केले, आणि आम्ही वाचावयास शिकतो, मग पुन्हा अर्ज करू, असे सांगितले. दिवसभराची मजुरी आटोपल्यावर त्या वर्गास येऊ लागल्या. पाच महिन्यांनी पुन्हा अर्ज केला, तो घेऊन ह्या खेपेस पंधरा बायका स्वतः मुंबईस रिझर्व्ह बँकेत गेल्या. अधिकाऱ्यांपुढे त्यांचे म्हणणे असे पडले की, आमच्या लहानपणी शाळा नव्हत्या, हा आमचा अपराध नव्हे. परंतु हिशेब आम्हांस येतो. कोणत्याही मुद्दलावर व्याज काढावयास सांगा. न आल्यास परवाना देऊ नका. आणि तुमच्या अधिकाऱ्यांनाही यंत्रावाचून तेच करावयास सांगा, कोण आधी काढतो ते पाहू. परवाना मिळाला. १९९७ साली तेराशेहून अधिक सभासद व सात लाखांवर भांडवल ह्यांवर माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

ह्या गोष्टीतून शिकवू इच्छिणाऱ्याने पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी ती ही की, निरक्षर बाईस हिशेब येत नाही ही समजूत खोटी आहे. बाजारात कोंबडी विकणारी बाई तोंडी जो हिशेब करते, तो पदवीधरास कागद-पेन्सिलीशिवाय साधत नाही. तिला कमी आहे ते एवढेच, की तिच्या डोक्यातील आकडा कागदावर कसा दिसतो हे तिला कोणी दाखविलेले नाही. आणि म्हणून कागद ज्याच्या हाती, त्याच्याच तोंडाकडे तिला पाहावे लागते.

आता एक इतिहासाची गोष्ट. ह्याच सातारा जिल्ह्यात १९५९ साली ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गावोगाव प्रौढांना अक्षरे शिकविली गेली, आणि पुढे ती मोहीम राज्यभर पसरली. असे असता चार दशकांनंतर त्याच जिल्ह्यातील एका तालुक्यात बँकेच्या अर्जावर अंगठे का उठावे? सर्वच कारणांचा विचार येथे करावयास जागा नाही. पण एक कारण आपल्यापैकी ज्याने रात्रीचा वर्ग चालविला आहे त्यास ठाऊक असते. जी अक्षरे रोजच्या कामात लागत नाहीत, ती पुसली जातात. पुस्तक संपते, समारंभ होतो, आणि दोन पावसाळ्यांत बाई पुन्हा अंगठ्यावर येते. म्हसवडच्या बायकांना अक्षरे हवी होती ती बँकेसाठी. बँक मिळाल्यावर ती रोज लागू लागली.

आपल्या लोकांना डॉक्टर फ्रँक लॉबाक हे नाव नवीन नाही. फिलिपाइन्स बेटांतील लानाव प्रांतात ते साक्षरतेचे काम करीत असता जगभर मंदी आली आणि शिक्षकांना पगार देण्यास पैसा उरला नाही. तेव्हा तेथील एका सरदाराने ठरविले की, जो शिकेल त्याने दुसऱ्यास शिकविलेच पाहिजे. त्यातून एकाने एकास शिकविण्याची पद्धत निघाली, आणि १९३५ साली लॉबाक हिंदुस्थानात आले तेव्हा ती आपल्याकडेही आली. महिन्यातून दोन दिवस मुलुंडहून येणाऱ्या माणसास ह्या पद्धतीचा फार उपयोग आहे. त्याने वीस बायकांचा वर्ग घेत बसू नये. दोघींना पक्के शिकवावे, आणि त्या दोघींनी मधल्या दिवसांत शेजारणीस शिकवावे.

काय शिकवावे? पुष्कळ ठिकाणी सही शिकवितात आणि बाई साक्षर झाली असे लिहून मोकळे होतात. माझ्या मते ह्यासारखे घातक काम दुसरे नाही. अंगठा घेताना निदान मजकूर वाचून दाखविण्याची व साक्षीदार ठेवण्याची चाल आहे. पण सही केली म्हणजे वाचून केली असे धरले जाते. आपण कोणाच्या कर्जास जामीन राहिलो हे नोटीस दारात आल्यावर कळलेल्या बायका गावोगाव आहेत. तेव्हा नाव लिहावयास शिकविलेच तर त्याच आठवड्यात पासबुकावरील जमा, नावे, शिल्लक, व्याज, मुद्दल, हप्ता, जामीनदार हे शब्दही वाचावयास शिकवावे. बाराखडीच्या क्रमाची वाट पाहू नये. तिचे स्वतःचे पासबुक हीच तिची पहिली पोथी. त्यातील पैसा तिचा असल्यामुळे ती मन लावून वाचते.

व्याजाचा विषय सावकाश घ्यावा, कारण खरे नुकसान तेथेच होते. गावात व्याज शेकडा व महिना ह्या हिशेबाने बोलतात, बँक दरसाल दर शेकडा बोलते. सावकार शेकडा तीन म्हणतो आणि बँक शेकडा बारा म्हणते, तेव्हा कागद न वाचणाऱ्या बाईस सावकार स्वस्त वाटतो. परंतु त्याचे तीन हे महिन्याचे, म्हणजे वर्षाचे छत्तीस झाले. हे एकदा कळले की ती कधी विसरत नाही.

दुसरा भेद अधिक बारीक आहे, आणि शिकलेलेही येथे फसतात. समजा एका बाईने १२,००० रुपये कर्ज घेतले, दरसाल शेकडा १२ दराने, आणि दरमहा १,००० रुपये मुद्दल फेडावयाचे ठरले. व्याज जर उरलेल्या मुद्दलावर धरले, तर पहिल्या महिन्यास १२० रुपये, दुसऱ्यास ११०, तिसऱ्यास १००, असे उतरत शेवटच्या महिन्यास १० रुपये पडतील. वर्षाची बेरीज ७८० रुपये. परंतु देणाऱ्याने सबंध रकमेवर सबंध वर्षाचे व्याज धरले तर १,४४० रुपये होतात. दर दोन्हीकडे बाराच! ह्यास्तव कर्ज घेताना व्याज किती एवढेच विचारू नये. ते उरलेल्या रकमेवर की सबंध रकमेवर, हेही विचारण्यास बायकांना शिकवावे. हे उदाहरण चिंचोक्यांनी मांडून दाखवावे, बारा चिंचोके ठेवून महिन्यागणिक एक उचलीत जावे, म्हणजे डोळ्यांना दिसते.

धंद्याच्या हिशेबात बायका एकच खर्च धरीत नाहीत, आणि तो म्हणजे त्यांची स्वतःची मेहनत. समजा दोघींनी दोन दिवस खपून शेवया केल्या. माल ५२० रुपयांचा, सरपण व पिशव्या ९०, एस.टी.चे भाडे ८०, एकूण ६९०. विक्री झाली ९०० ची. दोघी म्हणतात, २१० रुपये नफा. परंतु चार दिवसांची मजुरी त्यात आहे. म्हणजे दिवसाला साडेबावन्न रुपये पडले, आणि खुरपणीस गेल्या असत्या तर ह्याहून पुष्कळ अधिक मिळाले असते. मग काय करावे? भाव वाढवावा, की माल एकत्र घेऊन स्वस्त पाडावा, की शेवया सोडून दुसरे काही करावे? ह्याचे उत्तर पाहुण्या स्वयंसेवकाने देऊ नये. त्याने प्रश्न मांडावा आणि गप्प बसावे. बाजारात भाव किती वाढविता येतो, कोणत्या महिन्यात हातात काम नसते आणि म्हणून थोडी मजुरीही परवडते, हे त्या त्याच्याहून चांगले जाणतात. (गप्प बसणे हा सेवेचा सर्वांत कठीण भाग आहे, असे शहरातून येणाऱ्या तरुणांकडे पाहून वाटते.)

बाहेरून मदत करणाऱ्याने कसे वागावे ह्याचा एक जुना धडा खुद्द मुंबईत आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. तीच पुढे लिज्जत पापडाची संस्था झाली. ते पैसे देणारे छगनलाल करमसी पारेख हे समाजसेवक होते. त्यांनी ते दान म्हणून दिले नाहीत, परत करावयाचे म्हणून दिले, आणि हिशेब चोख ठेवण्याचा आग्रह धरला. त्या बायकांनीही दान मागावयाचे नाही असे प्रथमपासून ठरविले.

हिशेबाची वही कोण लिहितो, ह्यावरून संस्था कोणाची हे ओळखावे. पुष्कळ गटांत नाव बायकांचे, आणि वही कोणाच्या तरी मुलाच्या किंवा दिराच्या हाती असते. कधी ती शहरातून येणाऱ्या सेवाभावी माणसाच्या हाती जाते. त्याचे अक्षर सुंदर, बेरीज बिनचूक, आणि त्याची बदली झाली की सहा महिन्यांच्या नोंदी कोणास लागत नाहीत. तेव्हा वही पहिल्या दिवसापासून सभासद बाईनेच लिहावी. अक्षर वाकडे येईल, चार ठिकाणी खाडाखोड होईल, होऊ द्यावी. प्रत्येक सभेच्या शेवटी जमा, कर्जवाटप व हाती शिल्लक हे तीन आकडे मोठ्याने वाचावे, आणि पेटीतील रक्कम सर्वांसमक्ष मोजावी. सहकारी कायद्याप्रमाणे हिशेबतपासणी व्हावयाची ती होईलच. पण दर सभेस होणारी ही तपासणी अधिक उपयोगाची.

म्हसवडच्या बँकेनेही बायकांचे ऐकूनच आपली रीत घडविली. मजुरी बुडवून त्यांना बँकेत येता येईना, तेव्हा बँकच त्यांच्या दारी जाऊ लागली. २००६-०७ च्या सुमारास धंद्याचे शिक्षण देणारी शाळा निघाली, आणि ती मोटारगाडीतून गावोगाव फिरू लागली. पुढे यंत्राने पैसे काढण्याची सोय करावयाची वेळ आली, तेव्हा प्रत्येकीस गुप्त आकडा द्यावा असा विचार होता. बायकांनी तो मान्य केला नाही. आकडा कोणीही चोरील व कष्टाचा पैसा काढून नेईल, अंगठा मात्र कोणास चोरता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. आणि त्याप्रमाणे अंगठ्याच्या ठशावर चालणारी सोय करण्यात आली. ज्या अंगठ्यापायी पहिला अर्ज परत आला होता, तोच आता तिजोरीची किल्ली झाला.

पुढील सभेपूर्वी अभ्यासाचे एक काम वाचकांनी करावे. आपल्या गावातील एका गटाच्या तीन भगिनींना भेटून, त्यांची परवानगी घेऊन, त्यांच्या पासबुकावरील शेवटच्या पाच नोंदी त्यांच्याकडूनच वाचून घ्याव्या. कोणता शब्द अडला तो लिहून ठेवावा. त्यांनी घेतलेले कर्ज असल्यास व्याज उरलेल्या मुद्दलावर आहे की सबंध रकमेवर, हे त्यांच्यासह चिंचोके मांडून पाहावे, आणि ते अडलेले शब्द व ते आकडे घेऊन सभेस यावे. उपनगरांतून येणारे कोणी असतील तर त्यांना सोबत न्यावे. पण वही त्यांच्या हाती देऊ नये.