कच्छचा कोरडा वारा आणि आपला बर्फ

मार्च ते मे महिन्यांचा अंदाज हवामान खातं फेब्रुवारीअखेर देतं. त्यात कच्छ-राजस्थानात उन्हाळा कडक सांगितला, तर आपणही सावध व्हायचं. वाळवंटाचा कोरडा वारा उत्तरेकडून जोरात आला की खारे वारे उशिरा सुटतात आणि सुरतेत पारा चढतो. किनाऱ्यावर 37 अंश किंवा जास्त, आणि नेहमीपेक्षा साडेचार अंश वर गेला, तर ती उष्णतेची लाट.

अशा दिवसांत बर्फ जास्त भरा, बर्फाचा कप्पा सारखा उघडू नका. कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो, अंगातलं पाणी गेलेलं कळत नाही. तहान नसली तरी खलाशांना पाणी पाजा. चक्कर आली तर सावलीत घ्या, अंग ओलं करा. मासळीआधी माणूस.