सौम्य आम्लाला कॉस्टिक सोडा कमी का लागत नाही?

प्रश्न : हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यात पूर्ण फुटतं, अ‍ॅसेटिक आम्लाचे मात्र शंभरातले एक-दोनच रेणू फुटतात, असं अकरावीत शिकलो. मग प्रॅक्टिकलला दोन्हींचं टायट्रेशन केलं तेव्हा कॉस्टिक सोडा सारखाच कसा लागला? अ‍ॅसेटिकला कितीतरी कमी लागायला हवा होता ना?

उत्तर : शंभरातले एक-दोन हे खरं आहे. ०.१ मोलर अ‍ॅसेटिक आम्लात २५ अंश सेल्सिअसला साधारण १.३ टक्के रेणूच आयनरूपात असतात. म्हणून त्याचा सामू २.९ च्या आसपास भरतो, तेवढ्याच संहतीच्या हायड्रोक्लोरिकचा १. पण ही टक्केवारी ब्युरेटची तोटी उघडण्याआधीची आहे. सोड्याचा पहिला थेंब पडला की ती बदलू लागते.

बदलत नाही तो विचरण स्थिरांक. हायड्रोजन आयनांची संहती गुणिले अ‍ॅसेटेट आयनांची संहती, भागिले न फुटलेल्या आम्लाची संहती. याचं उत्तर त्या तापमानाला ०.००००१८ च्या जवळपासच यावं लागतं. सोड्यातले हायड्रॉक्साइड आयन हायड्रोजन आयनांना गाठून त्यांचं पाणी करतात. वरचा गुणाकार घटतो, म्हणून तो भरून निघेपर्यंत आणखी रेणू फुटतात. पुढचा थेंब पडला की पुन्हा तेच. १० मिलिलिटर द्रावणात आम्ल एक मिलिमोल होतं, तर सोडाही एक मिलिमोलच लागणार, मग आम्ल तीव्र असो की सौम्य.

इथे एक गैरसमज फार खोल रुजलेला दिसतो. फुटणारे १.३ टक्के रेणू ठरावीक आणि बाकीचे स्वस्थ बसलेले, असं चित्र डोळ्यांपुढे येतं. समीकरणातला दुहेरी बाण घाईत उरकला जातो, त्याचा हा परिणाम. प्रत्यक्षात अ‍ॅसेटिक आम्लाचा प्रत्येक रेणू सेकंदाला काही लाख वेळा फुटतो आणि लगेच पुन्हा जुळतो. कुठल्याही क्षणी पाहिलं तर फुटलेले तेवढेच सापडतात, इतकंच. इतक्या वेगवान अभिक्रिया मोजण्याची पद्धत मानफ्रेड आयगेन यांनी बसवली आणि त्यासाठी १९६७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला. फुटणं-जुळणं इतकं वेगात चालतं म्हणूनच आम्ल फुटायची वाट पाहत फ्लास्क हातात धरून थांबावं लागत नाही.

पाणी वाढवलं तरी टक्केवारी बदलते. तेच आम्ल शंभरपट विरल केलं, तर सुमारे साडेबारा टक्के रेणू फुटलेले आढळतात. स्थिरांक तोच. हा विरलतेचा नियम विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी १८८८ साली मांडला.

मग सौम्यपणा टायट्रेशनमध्ये दिसतच नाही का? दिसतो, आणि पुढच्या प्रॅक्टिकलला जरूर पाहा. फिनॉल्फ्थॅलीनऐवजी मिथिल ऑरेंज घ्या. ०.१ मोलर अ‍ॅसेटिक आम्ल १० मिलिलिटर आणि सोडाही ०.१ मोलर घेतला, तर ब्युरेटमधून तीनेक मिलिलिटर जाईपर्यंतच द्रावणाचा सामू ४.४ वर पोचतो आणि लाल रंग हळूहळू पिवळा होऊन बसतो. आम्ल अजून दोन तृतीयांशाहून जास्त शिल्लक असतं! हायड्रोक्लोरिकला मात्र हाच दर्शक दहाच्या जवळ एखाद्या थेंबाला रंग बदलतो. अ‍ॅसेटिकचा खरा शेवट ८.७ सामूच्या आसपास येतो, आणि फिनॉल्फ्थॅलीन गुलाबी होऊ लागतं ते तिथेच.