मानाचे पान : राजशिष्टाचारातील मानक्रम

लग्नाच्या पंगतीत पहिले पान कोणासाठी मांडले आणि विहिणीचा पाट कोठे ठेवला, यावरून रुसवेफुगवे झाल्याचे आपण सर्वांनी पाहिले आहे. 'मानपान' हा जोडशब्द आपल्या भाषेत सहज आलेला नाही. राजदरबारी तर हा प्रश्न अधिकच उग्र होतो. महाभारतातील राजसूय यज्ञात अग्रपूजेचा मान श्रीकृष्णाला दिला म्हणून शिशुपाल खवळला आणि त्याचे पर्यवसान त्याच्या वधात झाले. कोणी कोणाच्या पुढे बसावे हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. पण त्यापायी रक्त सांडले आहे, हेही तितकेच खरे. भारतीय प्रजासत्ताकाने या जुन्या प्रश्नाचे उत्तर कसे दिले आणि ते समतेच्या तत्त्वाशी जुळते काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

दरबारातील रांग

महाराष्ट्राच्या इतिहासातील एक मोठे प्रकरण रांगेतील जागेवरूनच घडले. १२ मे १६६६ रोजी शिवाजी महाराज आग्र्यास औरंगजेबाच्या दरबारात गेले. नजराणा दिल्यानंतर त्यांना पंचहजारी मनसबदारांच्या रांगेत नेऊन उभे करण्यात आले. त्यांच्या नऊ वर्षांच्या पुत्राला, संभाजीराजांना, पंचहजारी मनसब आधीच मिळालेली होती. बाप आणि लेक एकाच पायरीवर, आणि पुढे पाठ करून उभे असलेले बादशहाचे सरदार! महाराजांनी आपला संताप कुमार रामसिंहाजवळ भर दरबारात व्यक्त केला व ते तेथून बाजूला झाले. पुढची नजरकैद व सुटका सर्वांना ठाऊक आहे.

या प्रसंगातील मर्म असे की, दरबारातील जागा ही तेथे बोलली जाणारी भाषाच होती. तू माझा अंकित आहेस, आणि अंकितांतही अमक्या पायरीचा आहेस, हे बादशहाने एक शब्दही न उच्चारता सांगितले होते. ती जागा ठरवण्याचा अधिकार एकट्या बादशहाचा. तिच्याविरुद्ध दाद मागण्यासाठी नियम नव्हता की पोथी नव्हती. पुढे इंग्रजांनीही हीच भाषा तोफांच्या आवाजात चालू ठेवली. हैदराबाद, म्हैसूर, बडोदे, काश्मीर व ग्वाल्हेर यांना एकवीस तोफांची सलामी, कोल्हापूरला एकोणीस, आणि त्याखाली उतरती भाजणी. संस्थानिकांचा मान त्या आकड्यांवर मोजला जाई.

तारखेचा न्याय

याच काळात युरोपातही निराळे चित्र नव्हते. आग्र्याच्या प्रसंगापूर्वी पाचच वर्षे, १६६१ साली, लंडनमध्ये स्वीडनच्या नव्या वकिलाच्या स्वागताची मिरवणूक निघाली होती. तीत फ्रान्सच्या वकिलाची गाडी पुढे असावी की स्पेनच्या, यावरून भर रस्त्यात चकमक झाली आणि माणसे मारली गेली. चौदाव्या लुईने युद्धाची धमकी दिली, तेव्हा स्पेनला माघार घ्यावी लागली.

अशा भांडणांना कंटाळून १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेत राष्ट्रांनी एक साधा तोडगा काढला. एकाच दर्जाच्या वकिलांमध्ये जो आधी रुजू झाला तो पुढे. त्याचा राजा मोठा की छोटा, हे पाहावयाचे नाही. १९६१ च्या व्हिएन्ना करारातही हेच तत्त्व कायम आहे. वंश, वैभव आणि सैन्यबळ या तिन्ही गोष्टी बाजूस सारून तारखेला न्यायाधीश केले, हे या व्यवस्थेचे मोठे यश म्हणावे लागेल. महासत्तेचा राजदूत काल आला आणि एखाद्या चिमुकल्या बेटाचा राजदूत गेल्या वर्षी आला, तर बेटाचा राजदूत पुढे बसतो.

आपला तक्ता

भारतात हा क्रम राष्ट्रपतींच्या सचिवालयाने २६ जुलै १९७९ रोजी काढलेल्या अधिसूचनेने ठरविला आहे. तीत वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या आहेत. या तक्त्यात एकूण २६ पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर राष्ट्रपती, दुसऱ्या पायरीवर उपराष्ट्रपती, तिसऱ्या पायरीवर पंतप्रधान. चौथी पायरी आपापल्या राज्यातील राज्यपालांची आणि पाचवी माजी राष्ट्रपतींची. सहाव्या पायरीवर भारताचे सरन्यायाधीश व लोकसभेचे अध्यक्ष आहेत. सातव्या पायरीवर केंद्रीय मंत्रिमंडळाचे कॅबिनेट मंत्री, आपापल्या राज्यातील मुख्यमंत्री, माजी पंतप्रधान आणि संसदेच्या दोन्ही सभागृहांतील विरोधी पक्षनेते येतात. संसद सदस्यांची पायरी एकविसावी आहे.

हा तक्ता नुसता पाठ करण्यात अर्थ नाही. त्यातील तीन गोष्टी मात्र ध्यानात घेण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट अशी की, मानक्रम म्हणजे सत्ताक्रम नव्हे. देशाचा कारभार पंतप्रधानांच्या हाती असतो, तरी ते तिसऱ्या पायरीवर आहेत. विरोधी पक्षनेत्याच्या हाती कसलीच सत्ता नसते, तरी त्याला कॅबिनेट मंत्र्याच्या पायरीवर बसविले आहे. सरकारला जाब विचारणे हेही राष्ट्राचेच काम आहे, ही त्यामागील जाणीव होय.

दुसरी गोष्ट, मान हद्दीबरोबर बदलतो. गोव्याचे राज्यपाल पणजीत चौथ्या पायरीवर असतात. तेच मुंबईस आले की आठव्या पायरीवर जातात. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री मुंबईत सातव्या पायरीवर आणि पणजीत आठव्या. शिवाय स्वतःच्या राज्यातील सरकारी समारंभात मुख्यमंत्री केंद्रीय मंत्र्यांच्या आधी येतात. यजमानाचा मान राखण्याची आपली घरगुती रीत येथे संघराज्याच्या नियमात उतरलेली दिसते.

तिसरी गोष्ट, एकाच पायरीवरील व्यक्तींमध्ये जो त्या पायरीवर आधी आला तो पुढे. व्हिएन्नाचा तारखेचा न्याय आपणही स्वीकारला आहे.

मान पदाचा असतो, व्यक्तीचा नसतो, याचे उत्तम उदाहरण न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांचे आहे. नागपूरशी त्यांचा जुना संबंध. तेथील उच्च न्यायालयाचे ते मुख्य न्यायाधीश होते. मे १९६९ मध्ये राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचे निधन झाले. उपराष्ट्रपती गिरी यांनी राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढविण्यासाठी जुलैमध्ये राजीनामा दिला, तेव्हा सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी काही आठवडे राष्ट्रपतींचे काम पाहिले. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन भारतात आले तेव्हा यजमान तेच होते. निवडणूक आटोपताच ते पुन्हा न्यायासनावर जाऊन बसले. पुढे १९७९ ते १९८४ या काळात ते उपराष्ट्रपती झाले. आजच्या तक्त्याच्या भाषेत सांगावयाचे तर, एकच गृहस्थ सहाव्या पायरीवरून पहिल्या पायरीवर गेले, परत सहावीवर आले आणि कालांतराने दुसरीवर बसले. माणूस तोच राहिला. खुर्ची बदलली तसा मान बदलला.

समता व मानक्रम

येथे एक आक्षेप साहजिकपणे येतो. संविधानाच्या चौदाव्या अनुच्छेदाने सर्वांना कायद्यापुढे समान मानले आहे, अठराव्याने किताब रद्द केले आहेत, आणि १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता व तनखेही गेले. मग ही सव्वीस पायऱ्यांची शिडी कशाला?

या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. तथापि समारंभात कोणी ना कोणी पुढे बसणारच. तो क्रम लिखित नियमाने ठरला नाही, तर तो शिरजोराच्या इच्छेने किंवा खुशमस्कऱ्याच्या सोयीने ठरेल. म्हणजे पुन्हा दरबार आला! आजच्या पायऱ्यांवर जन्माने कोणी चढत नाही, आणि पद सुटले की बहुतेकांना ती सोडावी लागते. शिवाय हा क्रम केवळ राष्ट्रीय व औपचारिक समारंभांपुरता असून दैनंदिन शासकीय कामकाजास लागू नाही, असे त्याच अधिसूचनेत स्पष्ट म्हटले आहे.

पदाशिवायही एक वाट आहे. सातव्या पायरीला जोडून ७ अ या पायरीवर भारतरत्नाचे मानकरी बसतात. महर्षी कर्वे, महामहोपाध्याय काणे, लता मंगेशकर, भीमसेन जोशी यांना हा सन्मान लाभला. मात्र भारतरत्न हा किताब नव्हे, नावाच्या मागेपुढे तो लावता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले.

खरी अडचण तक्त्यात नसून तो वाचणाऱ्यांच्या मनात आहे. समारंभापुरती मिळालेली पुढची खुर्ची घरी न्यावीशी वाटते, कचेरीत आणि रस्त्यावरही तिचा रुबाब दाखवावासा वाटतो, तेव्हा प्रजासत्ताकाच्या पोशाखात जुना दरबारच परत येतो. आपल्या गावातील, संस्थांतील आणि महाविद्यालयांतील समारंभांनाही हे लागू आहे. पुढच्या खुर्चीवर बसलेली व्यक्ती त्या पदावर ज्यांनी तिला बसविले त्यांच्या वतीने बसलेली असते. एवढे भान वक्त्यांना आणि श्रोत्यांना राहिले, तर मानाच्या पानावरून पंगत उठण्याचे कारण उरणार नाही.