पावतीवरची ओळ

सातारा जिल्ह्यातील एका बाजारपेठेच्या गावी, एस.टी. स्थानकामागच्या गल्लीत, एक बाई लोकांचे कपडे इस्त्री करून देत असे. पती वारल्यावर तिने हा उद्योग हाती धरला होता. बरीच वर्षे ती कोळशाची पितळी इस्त्री वापरी. त्या इस्त्रीत निखारे भरावे लागत, राख झाडावी लागे. आणि एखादी ठिणगी उडून कोणाच्या सदऱ्याला भोक पडले, की दिवसभराची कमाई भरपाईतच जाई. म्हणून चार महिने थोडेथोडे पैसे बाजूस टाकून तिने पेठेतील एका दुकानातून विजेची जड इस्त्री विकत आणली. किंमत पडली अठराशे पन्नास रुपये. मुलगा सातवीत होता. त्याने खोक्यातील कागद वाचून दाखविले, आणि पावती व हमीपत्र आईने शिधापत्रिकेच्या डब्यात ठेवून दिले.

सात दिवस इस्त्रीने चोख काम दिले. आठव्या दिवशी बाईच्या बोटांना मुंग्या आल्यासारखे झाले. हात ओले असतील, अशा समजुतीने तिने ते पदराला पुसले व काम चालू ठेवले. थोड्या वेळाने असा झटका बसला, की हात आपोआप मागे फेकला गेला. त्याच वेळी मुलगा नुकत्याच पुसलेल्या ओल्या फरशीवरून अनवाणी येत होता, आणि आईला मदत करावी म्हणून इस्त्री उचलण्यासाठी त्याने हात पुढे केला होता. आईने ओरडून त्याला थांबविले आणि भिंतीवरचे बटण बंद केले. पुढे कितीतरी वेळ तिचे हृदय धडधडत होते. ते स्वतःला बसलेल्या झटक्यामुळे नव्हे.

दुसऱ्या दिवशी मायलेक दुकानात गेली.

“शेठ, ही इस्त्री शॉक देते. पोराचा जीव गेला असता काल. ही परत घ्या.”

दुकानदाराने पावती हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि तिच्या तळाशी छापलेल्या ओळीवर बोट ठेवले : ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’

“वाचता येतं ना, बाळ? वाचून दाखव आईला.”

मुलाने ओळ वाचली. दुकानदार पुढे म्हणाला, “शिवाय माल मी बनवत नाही, मावशी. कंपनीचं सेवाकेंद्र आहे, तिकडे जा. आणि हमीपत्रात लिहिलंय, फक्त घरगुती वापरासाठी. तुम्ही तर हिच्यावर धंदा करता.”

दुकानदार लबाड होता, असे नाही. ती ओळ त्याच्या वडिलांच्या पावतीपुस्तकातही होती, आणि तीच कायदा आहे असे तो मनापासून मानीत असे. त्याचे एक म्हणणे रास्तही होते. कित्येक वेळा दोष वस्तूत नसतो, घरातील वीजजोडणीत असतो, आणि लोक वस्तू घेऊन दुकानदारावर तुटून पडतात. तेव्हा दोष कोठे आहे, हे आधी ठरविणे भाग होते.

गल्लीतील वायरमनने ते काम केले. इस्त्रीच्या प्लगला तीन दांड्या असतात. त्यांतील एक इतर दोघींहून जाड आणि लांब असते; ती अर्थिंगची. प्लग खोचताना ती सर्वांत आधी जोडली जावी व काढताना सर्वांत शेवटी सुटावी, म्हणून तिला ही लांबी दिलेली असते. तिच्यापासून निघालेली तार इस्त्रीच्या धातूच्या अंगाला आतून जोडलेली असते. आतील वीज चुकून त्या अंगात उतरली, तर तिला जमिनीकडे जाण्याचा सोपा मार्ग ह्या तारेतून मिळतो. प्रवाह एकाएकी वाढतो, फ्यूज उडतो आणि माणूस वाचतो. वायरमनने प्रथम भिंतीवरील सॉकेट तपासले. तेथील अर्थिंग ठीक होते. मग त्याने मीटरची एक सळई प्लगच्या जाड दांडीला व दुसरी इस्त्रीच्या तळाला लावली. काटा हललाच नाही. आतील अर्थिंगची तार सुटलेली होती, आणि इस्त्रीच्या अंगात वीज उतरत होती. एक दोष असता तर निभावले असते. येथे दोन दोष एकत्र आले होते.

“उघडून जोडून द्यायला मला पाच मिनिटं लागतील, वहिनी,” तो म्हणाला, “पण मी हिला हात लावणार नाही. एकदा का स्क्रू फिरला, की ते म्हणतील, तुम्हीच बिघडवली.”

त्याने आपल्याला काय आढळले ते चार ओळींत लिहून खाली तारीख घातली व सही केली.

मुलाला मागील डिसेंबरमधील एक तास आठवत होता. त्याच्या शाळेत २४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिन पाळला जाई. त्या दिवशी गुरुजींनी सांगितले होते, की १९८६ साली ह्याच तारखेला ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. त्यापूर्वीही विकलेला माल कसा असावा ह्याविषयी १९३० चा कायदा होता. परंतु त्याचा आधार घ्यावयाचा तर दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागे. एका इस्त्रीसाठी वकील कोण करणार? सामान्य गिऱ्हाईक हात चोळीत घरी परते. ही स्थिती पालटण्यासाठी ज्यांनी खटपट केली, त्यांत महाराष्ट्रातील माणसे पुढे होती. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे कार्य सुरू केले, आणि पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. १९८६ च्या कायद्याची जागा पुढे २०१९ च्या नव्या कायद्याने घेतली. तो २० जुलै २०२० पासून अमलात येऊ लागला.

गुरुजींनी त्या तासाला पावतीवरच्या ओळीविषयीही सांगितले होते. मुलाला ते अर्धवटच आठवले, म्हणून तो आईला घेऊन त्यांच्या घरी गेला. गुरुजींनी दुकानदाराची तिन्ही उत्तरे ऐकून घेतली.

पहिले उत्तर पावतीचे. दोष असलेली वस्तू परत घेण्यास व तिचे पैसे परत करण्यास विक्रेत्याने नकार देणे, ह्याला २०१९ चा कायदा अनुचित व्यापारी प्रथा म्हणतो. पावतीवर त्यासाठी काही मुदत दिली असेल, तर त्या मुदतीत, आणि दिली नसेल, तर तीस दिवसांच्या आत त्याने हे केले पाहिजे. छापखान्यात छापलेली एक ओळ संसदेने केलेला कायदा पुसू शकत नाही. मात्र हा अधिकार सदोष वस्तूपुरताच आहे. रंग आवडला नाही, शेजारच्या दुकानात तीच वस्तू स्वस्त मिळाली, अशा कारणांनी माल परत घ्या म्हणण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. तेथे दुकानदाराची मर्जी.

दुसरे उत्तर कंपनीचे. इस्त्री कंपनीने बनविली हे खरे. पण अठराशे पन्नास रुपये मोजून घेतले ते दुकानदाराने. कायद्याने विकणारा व बनविणारा, दोघांविरुद्धही तक्रार करता येते. सेवाकेंद्राकडे जाणे ही गिऱ्हाइकाची सोय आहे. दुकानदाराची सुटका नव्हे.

तिसऱ्या उत्तरावर गुरुजी थोडे थांबले, कारण त्यात काही तथ्य होते. व्यापारी हेतूने वस्तू घेणारा कायद्याच्या दृष्टीने ग्राहक ठरत नाही. परंतु कायदा करणाऱ्यांनी तेथेच एक खुलासा जोडून ठेविला आहे. जो माणूस स्वयंरोजगाराने केवळ आपली उपजीविका चालविण्यासाठी वस्तू घेऊन स्वतः वापरतो, त्याचा हेतू व्यापारी मानावयाचा नाही. शिंपिणीचे शिवणयंत्र, रिक्षावाल्याची रिक्षा, आणि ह्या बाईची इस्त्री ह्या खुलाशाच्या सावलीत येतात. हमीपत्र हे कंपनीने आपणहून दिलेले वचन आहे. कायद्याने दिलेला अधिकार त्यावर अवलंबून नाही.

“तोंडी भांडू नका,” गुरुजी म्हणाले, “लिहून द्या.”

त्या रात्री मुलाने वहीच्या कागदावर पत्र लिहिले. आईने ते तीन वेळा वाचावयास लावले आणि ‘आपण आम्हाला फसविले’ हे वाक्य खोडावयास सांगितले. उरलेला मजकूर असा होता :

‘मी आपल्या दुकानातून सोबतच्या पावतीप्रमाणे विजेची इस्त्री घेतली. आठव्या दिवशी तिच्या अंगात वीज उतरली व मला झटका बसला. घरातील अर्थिंग ठीक असून इस्त्रीतील अर्थिंगची तार सुटली आहे, असे वायरमनने लिहून दिले आहे. त्याची नक्कल जोडली आहे. इस्त्री उघडलेली नाही. ती बदलून नवी द्यावी किंवा किंमत परत करावी. सात दिवसांत उत्तर मिळावे.’

खाली तारीख व आईची सही. मूळ पावती त्यांनी जवळच ठेविली, दुकानात दिली ती नक्कल. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर दुकानाचा शिक्का व ‘मिळाले’ अशी सही मागितली, तेव्हा दुकानदाराने प्रथमच मुलाकडे नीट पाहिले.

तरीही चार दिवस काही घडले नाही. पाचव्या दिवशी त्यांनी १९१५ ह्या क्रमांकावर दूरध्वनी केला. ही राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणी होय. तेथे मराठीतूनही बोलता येते. ती न्यायालय नव्हे. ती हुकूम देत नाही. ती तक्रार नोंदवून कंपनीकडे पाठविते व उत्तर मागते. एवढ्यानेही पुष्कळ वेळा काम होते. न झाल्यास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागता येते. मोजलेली किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल, तर तेथे शुल्क नाही. वकील हवाच असेही नाही. आणि तक्रारदार राहतो त्याच जिल्ह्यात अर्ज करता येतो. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र तो केला पाहिजे. दोष आहे की नाही ह्याविषयी वाद पडला, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासून घेऊ शकतो. असे प्रकरण पाच महिन्यांत निकालात काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात अधिक काळ लागतो, हेही जाणून असावे.

बाईवर ती वेळ आली नाही. आठवडा संपण्यापूर्वी दुकानदाराचा निरोप आला. कंपनीने इस्त्री बदलून देण्याचे मान्य केले होते. बुडालेल्या दिवसांची मजुरी मात्र तिला मिळाली नाही. ती मागावयाची तर आयोगाकडे जावे लागले असते, आणि नवी इस्त्री हाती आल्यावर आणखी दिवस मोडण्याची तिची तयारी नव्हती.

ह्या खेपेस मुलाने खोके दुकानातच उघडविले. आय.एस.आय. चिन्ह आणि त्याखालील परवान्याचा क्रमांक त्याने पाहिला. १९४७ साली स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून हे चिन्ह आले. आज ते भारतीय मानक ब्यूरोच्या परवान्याने वापरले जाते, आणि विजेच्या इस्त्रीवर ते असणे सक्तीचे आहे. अर्थात पहिल्या इस्त्रीवरही ते होतेच. म्हणून दुकानदाराने आपला मीटर काढून प्लगची जाड दांडी व इस्त्रीचा तळ ह्यांना सळया लावल्या. काटा टोकापर्यंत गेला.

घरी आल्यावर नवी पावती डब्यात ठेवताना जुनीकडे लक्ष गेले. तिच्यावरची अक्षरे पुसट होऊ लागली होती. यंत्रातून निघणारा तो गुळगुळीत कागद असा असतो, की काही महिन्यांत त्यावरची छपाई उडते आणि ऊब लागली तर तो काळा पडतो. डबा इस्त्रीच्या टेबलाखालीच असे. बाईने डबा उचलून दूरच्या फळीवर ठेविला, आणि नव्या पावतीची नक्कल काढून आणण्यासाठी मुलाच्या हातावर दोन रुपये ठेविले.