जुन्या मोटारगाडीचे चंचल स्टिअरिंग

बेंगळुरूच्या जयचामराजेंद्र रस्त्यावर, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेल्या जे. सी. रोडवर, मोटारींच्या सुट्या भागांची मोठी बाजारपेठ आहे. मुंबईत कुर्ला येथे तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचे उत्पादन २००१ च्या सुमारास आणि उत्तरपाडा येथील ॲम्बेसेडरचे २०१४ साली थांबले. त्यामुळे अशा गाड्या बाळगणाऱ्यांना सुट्या भागांसाठी बाजारपेठ धुंडाळावी लागते. परंतु कोणता भाग बदलावयाचा हे ठरविण्यापूर्वी दोषाचे निदान झाले पाहिजे.

सरळ रस्त्यावर गाडी आपोआप डावी-उजवीकडे ओढली जाणे, अथवा हात किंचित हलताच ती एकदम वळणे, यास आपण स्टिअरिंगची चंचलता म्हणू. चाक सरळ का धावते, हे प्रथम समजून घेऊ. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो. त्याची रेषा खाली वाढविली, तर ती चाक जमिनीला टेकते त्या बिंदूच्या पुढे जमिनीस मिळते. त्यामुळे चाक त्या रेषेच्या मागून ओढले जाते व सरळ राहते. मोटारीतील याच तिरकेपणास ‘कॅस्टर’ म्हणतात. पुढील स्प्रिंगा बसल्या, की गाडीचे नाक खाली झुकते, कॅस्टर कमी होतो आणि स्टिअरिंग चंचल बनते.

दुसरे कारण ‘टो’. वरून पाहिले असता पुढची चाके पुढील बाजूस किंचित जवळ असली, तर तो टो-इन. दूर असली, तर टो-आउट. मागील चाकांवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांत धावताना पुढची चाके बाहेर फाकू पाहतात, म्हणून बहुधा थोडा टो-इन ठेवतात. टो-आउट झाल्यास गाडी भरकटते व टायरांची आतली कड झिजते. टो-इन फार झाल्यास बाहेरची कड झिजते.

मात्र अलाइनमेंट हे शेवटचे काम होय. परीक्षेचा क्रम असा असावा:

१. थंड टायरांतील हवा तपासावी. हवा कमी असल्यास दोन्ही कडा झिजतात, अधिक असल्यास मधला भाग झिजतो.

२. गाडी जमिनीवर उभी असताना एकाने स्टिअरिंग थोडे थोडे डावी-उजवीकडे फिरवावे आणि दुसऱ्याने सांधे पाहावेत. ज्या सांध्याची एक बाजू हलते व दुसरी हलत नाही, तो झिजलेला आहे.

३. मागच्या चाकांना अडसर लावून पुढचे चाक जॅकने उचलावे व गाडी भक्कम स्टँडवर टेकवावी. चाक वर व खाली धरून हलवावे. ते हलते आणि ब्रेक दाबताच हलणे थांबते, तर बेअरिंग ढिले आहे. तरीही हलत राहिले, तर दोष किंगपिन अथवा बॉल जॉइंटमध्ये आहे.

४. मागील पाट्यांचे बुश पाहावेत. ते सैल असल्यास मागचा ॲक्सल तिरका होतो व पुढे सर्व ठीक असूनही गाडी डोलते.

हे सर्व निर्दोष ठरल्यावरच टो मोजावा. सपाट जागी चाके सरळ ठेवून, दोन्ही टायरांच्या मध्यावर, पुढील बाजूस ॲक्सलच्या उंचीवर खडूच्या खुणा कराव्यात व त्यांतील अंतर मोजावे. नंतर खुणा मागच्या बाजूस त्याच उंचीवर येईपर्यंत गाडी पुढे ढकलून पुन्हा मोजावे. मागील अंतर जेवढे अधिक, तेवढा टो-इन. ते गाडीच्या पुस्तिकेतील मापाशी ताडून पाहावे.

पद्मिनीच्या स्टिअरिंग बॉक्समधील वर्म मध्यभागी अधिक झिजते, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच धावते. तेथील ढिलेपणा घालविण्यासाठी स्क्रू फार आवळला, तर वळणावर स्टिअरिंग अडकते व आपोआप सरळ होत नाही. झिजलेल्या सांध्यावर केलेली अलाइनमेंटही अशीच फसवी असते: पहिल्या खड्ड्यातच माप बदलते. पूर्ण झिजलेला सांधा धावत्या गाडीत निसटला, तर चालकाच्या हाती काहीच उरत नाही. म्हणून सांधा ढिला आढळताच गाडी चालविणे थांबवावे.